वादळ ओसरल्यानंतरचा धोका
झाडे छाटणाऱ्या व बागकाम करणाऱ्या कामगारांची सुरक्षितता

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर येऊन थडकले. त्या वाऱ्यात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेच्या तारा तुटल्या आणि उन्मळून पडलेल्या झाडांनी रस्ते अडले. पुढच्याच वर्षी १७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' वादळ किनाऱ्यालगतच्या समुद्रातून गुजरातकडे सरकत असताना मुंबईत कुलाबा येथे वाऱ्याचा वेग ताशी ११४ किलोमीटरपर्यंत पोहोचला. अशा प्रसंगी नागरिकांना घरात थांबण्यास सांगितले जाते. उद्यान विभागाचे कामगार, ठेकेदाराकडील माळी व गावातील पाडेली यांना मात्र वारा पडताच कामावर बोलावले जाते. वादळाचा जोर ओसरला तरी त्यांच्यापुढील धोका ओसरलेला नसतो.

पावसाळ्यापूर्वीची तपासणी

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. म्हणून झाडांची पाहणी व छाटणी एप्रिल-मे महिन्यांतच पूर्ण होणे आवश्यक आहे. वाळलेल्या फांद्या, खोडातील ढोली, बुंध्याशी उगवलेली भूछत्रे, झुकलेले खोड व त्याच्या मागील बाजूस भेगाळलेली जमीन ही धोक्याची लक्षणे होत. नळ किंवा तारा टाकण्यासाठी बुंध्यालगत चर खणल्यास मुळे तुटतात. असे हिरवेगार झाडही विश्वासार्ह राहत नाही.

छाटणी म्हणजे शेंडा उडविणे नव्हे. तेथे फुटणारे नवे धुमारे खोडाला घट्ट धरलेले नसतात व पुढे तेच मोडून पडतात. जड फांदी तीन कापांत उतरवावी. पहिला काप खोडापासून हातभर अंतरावर, खालून थोडासा. दुसरा त्याच्या किंचित पुढे, वरून. आणि उरलेल्या खुंटाचा तिसरा काप खोडालगतच्या फुगीर कड्याच्या बाहेर. यामुळे साल सोलली जात नाही आणि फांदी अवचित फाटून कामगारावर येत नाही. नागरी क्षेत्रात १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमानुसार लागणारी परवानगीही वेळेवर घ्यावी.

इशारा मिळाल्यावर

हवामान खात्याच्या इशाऱ्यांत पिवळा रंग सावध राहण्याचा, नारिंगी सज्ज राहण्याचा आणि लाल प्रत्यक्ष कृतीचा असतो. वारा सुटू लागताच झाडावरील व शिडीवरील माणसे खाली उतरवावीत. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागला, तर वीज सुमारे १० किलोमीटरच्या आत आहे असे समजावे. अशा वेळी काम थांबवून पक्क्या इमारतीत जावे व शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये. झाडाखालचा आडोसा घेऊ नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे 'दामिनी' हे मोबाईलवरील साधन मुकादमाजवळ असणे उपयुक्त ठरते.

वादळानंतरचे काम

पहिला प्रश्न झाडाचा नसून तारेचा असतो. फांद्यांत अडकलेली तार निर्जीव दिसली तरी तिच्यात प्रवाह असू शकतो. ओली फांदी व ओली जमीन तो वाहून नेतात. वीज कंपनीच्या कर्मचाऱ्याने प्रवाह बंद केल्याची खात्री दिल्याविना कोणीही जवळ जाऊ नये. वीजपुरवठ्यासंबंधी तक्रार १९१२ या क्रमांकावर नोंदविता येते.

दुसरा धोका ताणाचा. दबलेली किंवा वाकलेली फांदी कापताच धनुष्याप्रमाणे उसळते. खोड कापताच मुळांचा गड्डा पुन्हा खड्ड्यात बसू शकतो. त्यामुळे ताण कोणत्या बाजूस आहे हे पाहूनच करवत लावावी आणि गड्ड्यामागे कोणालाही उभे राहू देऊ नये. यांत्रिक करवत खांद्याच्या वर उचलू नये व शिडीवरून चालवू नये. शिरस्त्राण, डोळ्यांचे आवरण, हातमोजे व बूट यांवाचून काम सुरू करू नये. काम कधीही एकट्याने करू नये. झाड पाडावयाचे असल्यास त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरापर्यंत जागा मोकळी ठेवावी. बघ्यांची गर्दी, विशेषतः मुले, दूर ठेवण्याच्या कामी शिक्षक व पंचायत सदस्यांचे साहाय्य मोलाचे ठरते.

थांबविण्याचा अधिकार

हे सर्व नियम कामगारांना बहुधा ठाऊक असतात. परंतु 'रस्ता तासाभरात मोकळा करा' अशा आदेशापुढे ते टिकत नाहीत. रोजंदारीवरील मनुष्य काम थांबविले तर मजुरी बुडेल या भीतीने निसरड्या खोडावर चढतो. म्हणून काम थांबविण्याचा अधिकार मुकादमास लेखी द्यावा आणि थांबलेल्या वेळेची मजुरी देण्याची अट ठेक्यातच घालावी. पंचायतीने मे महिन्यातील सभेत धोकादायक झाडांची यादी, दोरखंड व करवतींची तपासणी, प्रथमोपचार पेटी आणि १०८ या रुग्णवाहिकेच्या क्रमांकाची माहिती हे विषय घ्यावेत.

रस्ता चार तास उशिरा खुला झाल्याने होणारी गैरसोय भरून काढता येते. कामगाराच्या कुटुंबाची हानी मात्र कोणत्याही अनुदानाने भरून निघत नाही, याचे भान आदेश देणाऱ्या प्रत्येकाने ठेवावे.