ज्वालामुखीच्या पोटातील बुडबुडे

ज्वालामुखी म्हटला की आग, धूर आणि तप्त लाव्हाचे लोट डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु स्फोटक उद्रेकाची खरी शक्ती असते ती वितळलेल्या खडकात कोंडलेल्या वायूची. हा वायू केव्हा आणि कोठून निसटतो, यावर उद्रेकाचे स्वरूप अवलंबून असते.

भूपृष्ठाखाली काही किलोमीटर खोलीवर वितळलेला खडक, म्हणजेच शिलारस, साठून राहतो. या साठ्यास शिलारस कोठी म्हणतात. शिलारसात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि गंधकयुक्त वायू विरघळलेले असतात. सोडावॉटरची बाटली बंद असेपर्यंत तीत बुडबुडे दिसत नाहीत. झाकण काढताच दाब कमी होतो आणि फेस उसळतो. शिलारसाचेही तसेच आहे. तो वर चढू लागला की त्यावरील खडकांचा भार कमी होतो, वायू बुडबुड्यांच्या रूपाने सुटा होतो आणि हलका झालेला रस अधिकच वेगाने वर येतो.

पातळ रस आणि घट्ट रस

रस पातळ असेल तर बुडबुडे सहज निसटतात आणि लाव्हा वाहत जातो. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी दख्खनचे पठार अशाच पातळ लाव्हाच्या थरांनी बनले. महाराष्ट्रातील काळ्या खडकात ठिकठिकाणी आढळणारी छिद्रे म्हणजे त्या काळी लाव्हात अडकलेल्या बुडबुड्यांच्या खुणा होत. शिक्षकांना त्या गावाजवळच्या खाणीतही विद्यार्थ्यांना दाखविता येतील.

रस घट्ट असेल तर मात्र वायू कोंडतो आणि अखेर रसाच्या ठिकऱ्या उडवून राखेच्या रूपाने बाहेर पडतो. कित्येकदा बुडबुडे कोठीतच तयार झालेले असतात. असा रस स्पंजाप्रमाणे दाबला जातो. त्यामुळे खालून नवा रस आला तरी जमीन फारशी फुगत नाही. पण तोंड मोकळे होताच दाबलेला वायू अधिक रस बाहेर लोटतो.

पिनाटुबोचा धडा

फिलिपीन्समधील लूझोन बेटावरचा पिनाटुबो सुमारे पाचशे वर्षे शांत होता. २ एप्रिल १९९१ रोजी तेथे वाफेचे स्फोट झाले. फिलिपीन्सच्या व अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी बाहेर पडणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचे मोजमाप सुरू केले. १३ मे रोजी तो दिवसाला सुमारे ५०० टन होता. २८ मे रोजी ५,००० टनांवर गेला. जूनच्या प्रारंभी मात्र तो ३०० टनांच्याही खाली आला.

सामान्य माणसाला यात दिलासा वाटला असता. शास्त्रज्ञांनी मात्र वायूची वाट बुजली असून आत दाब वाढत असल्याचा अर्थ लावला. प्रारंभी अनेकांना धोका पटत नव्हता. म्हणून अन्यत्र झालेल्या उद्रेकांची चित्रफीत अधिकाऱ्यांना व ग्रामस्थांना दाखविण्यात आली. ९ जूनला सर्वोच्च इशारा देण्यात आला आणि हजारो लोकांना हलविण्यात आले. १५ जून रोजी प्रचंड उद्रेक होऊन राखेचा स्तंभ सुमारे ३५ किलोमीटर उंच गेला.

या उद्रेकातून दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वातावरणात मिसळला. इतका वायू त्या शिलारसात विरघळून राहणे शक्य नव्हते. तो बुडबुड्यांच्या रूपात कोठीत आधीच साठलेला असावा, असा निष्कर्ष पुढे निघाला. या वायूच्या परिणामाने पुढील वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले.

त्याच दिवशी आलेल्या वादळी पावसाने राख भिजून जड झाली आणि छपरे कोसळून अनेकांना प्राण गमवावे लागले. तथापि वेळीच झालेल्या स्थलांतरामुळे किमान ५,००० जीव वाचल्याचा अंदाज आहे. शास्त्रज्ञांचे मोजमाप, प्रशासनाची तत्परता आणि ग्रामस्थांचा विश्वास या तिन्हींची सांगड वेळेवर बसली, हेच त्या यशाचे मर्म होय.