त्याचं 'हो' कुठल्या प्रश्नाला?

चि. मुक्ता,

काल फोनवर म्हणालीस, मोफत विधी सेवेतून वकील म्हणून तुला मिळालेला पहिलाच आरोपी गुन्हा कबूल करायला तयार आहे, एका तारखेत प्रकरण निकाली. आवाजात हायसं वाटल्याची खूण होती, म्हणून लगेच लिहायला बसलो.

मोबाइल चोरीचा आरोप. जामीन मंजूर आहे, पण जामीनदार नाही, म्हणून चार महिने आत. कबूल केलं तर भोगलेल्या कैदेवर भागेल आणि संध्याकाळी घरी. नाकारलं तर साक्षीदार येईपर्यंत तिथंच. अशा माणसाला 'गुन्हा कबूल आहे का?' विचारलं की त्याला 'घरी जायचंय का?' एवढंच ऐकू येतं. न्यायाधीश 'कुणाचा दबाव?' असंही विचारतील. तो 'नाही' म्हणेल आणि खोटंही बोलणार नाही. त्याला कुणी मारलेलं नाही, धमकावलेलं नाही. जे करायचं ते कुलपानंच केलंय.

मुंबई हल्ल्यातल्या कसाबचा खटला आठव. २० जुलै २००९ रोजी त्यानं भर कोर्टात अचानक गुन्हा कबूल केला. न्यायाधीश ताहिलियानींनी तो जबाब नोंदवून घेतला, पण खटला थांबवला नाही. पुरावा पुढे चालू राहिला. डिसेंबरात तो कबुलीवरून फिरलाही. जगानं गोळीबाराची छायाचित्रं पाहिली होती, तरी नुसत्या कबुलीवर निकाल लागला नाही. मोबाइल चोराची कबुली मात्र रोजनाम्यात दोन ओळींत संपते. (लोकअदालतीच्या दिवशी तर दीड.)

२००६ पासून आपल्याकडे शिक्षेबाबत तडजोडीची तरतूद आहे, आता ती नागरिक सुरक्षा संहितेत आहे. तिथं आरोपीला प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि न्यायाधीश सरकारी वकील व फिर्यादी दोघांनाही बाहेर ठेवून त्याला एकट्याला विचारतात. कायदा करणाऱ्यांना धोका कळला होता, हे उघड आहे. लांबलेला खटला टाळायला निर्दोष माणूसही थोडी शिक्षा पत्करेल, ही भीती सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्येच कासमभाईच्या गुजरातमधल्या प्रकरणात बोलून दाखवली होती. साध्या कबुलीला मात्र असं बंद दार नाही. ते तुलाच लावून घ्यावं लागेल. कोर्टाच्या व्हरांड्यात, दोरी धरलेल्या हवालदारासमोर त्याला काही विचारू नकोस. तुरुंगात मुलाखत घे.

मी हे केलं नव्हतं. वकिलीच्या तिसऱ्या वर्षी एका पोराला म्हटलं, "हो म्हण, सुटशील." सुटला. त्यानंतर वस्तीत सायकल गेली तरी पोलीस आधी त्याच्या दारात. दोन वर्षांनी माझ्याकडे येऊन विचारलं, "साहेब, अपील करता येईल?" कबुलीवर दोषी ठरल्यावर सहसा फक्त शिक्षेविरुद्धच अपील होतं, हे त्याला मी तेव्हा सांगितलं. आधी नाही.

तुझ्या आरोपीनं खरोखर चोरी केली असेल आणि सांगायची असेल, तर अडवू नकोस. तोही त्याचा हक्क आहे. पण आधी जातमुचलक्यावर सोडण्याचा अर्ज दे. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर अटी सैल करण्याचा विचार न्यायालयानं स्वतःहून करावा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सुचवलंय; ते अर्जाला जोड. तो बाहेर आला, दोन दिवस घरचं जेवला, की मग विचार.

अर्जाचा मसुदा रविवारपर्यंत पाठव, बघून देतो.

तुझा,
मामा