हळद-मिठाचा हात

तो मेला त्या दिवशी मुलीने मला एकच विचारलं, "आई, मीठ कशाला लावलंस गं?"

श्रीरामपुरात घराला लागूनच उसाचं वावर, त्यामुळे पावसाळ्यात बेडूक अंगणात येतातच. त्यातलाच एक, खरखरीत पाठीचा, मुलीने पाळला होता. पुस्तकात याला भेक म्हणतात. घमेल्यात ओली माती, वर फुटक्या माठाची खापर. रात्री दिव्याखाली सोडला की हलणारे किडे जिभेने टिपायचा.

श्रावणात तो सुस्तावला. पोट आणि मांड्यांची आतली बाजू लालसर झाली, उताणा केला तर सुलटा होईना. आमच्या घरी जखमेला जे करतात तेच मी केलं. मिठाच्या पाण्याने धुतलं, वर हळद चोपडली. फिनेलने घासलेल्या टबात ठेवलं आणि तोंड उघडून चमच्याने दूध घातलं. सकाळी तो गार पडला होता.

जनावरांच्या डॉक्टरांनी नंतर समजावलं, ते मला आधी माहीत हवं होतं. बेडूक तोंडाने पाणी पीतच नाही, पोटाखालच्या पातळ कातडीतून शोषून घेतो. श्वासही काही प्रमाणात कातडीतूनच चालतो. म्हणजे अंगाला लावलेलं बरंच काही थेट शरीरात भिनतं. मीठ अंगातलं पाणी ओढून घेतं, फिनेल रक्तात उतरतं. ती लाली रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गाची खूण असू शकते. तो दुखण्यानेही गेला असता कदाचित, पण मी त्याला तेवढीही सवड दिली नाही.

म्हणून सांगते. बेडूक आजारी वाटला तर आधी आपले हात साबण न लावता पाण्याने नीट धुवा आणि ओल्या हातानेच त्याला उचला. कोरडा हात त्याची कातडी खरवडतो. साबणाने कधीच न धुतलेलं पसरट भांडं घ्या, त्यात पोट भिजेल एवढंच पाणी घाला. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्याला सोसत नाही, पाणी उघड्या पातेल्यात दिवसभर ठेवून मग वापरा. सावली हवी, शांतता हवी, वर हवेला जागा ठेवून झाकण हवं. त्या खोलीत डासांची अगरबत्ती लावू नका, वावरात फवारणी चालू असेल तर खिडकी लावून घ्या. माणसाचं कुठलंही मलम नको. खाणं तर कोंबूच नका, दूध-भाकरी हे त्याचं अन्नच नव्हे. मग डॉक्टरांकडे न्या, तेही औषधाचे थेंब पुष्कळदा कातडीवरच टाकतात.

त्याला हाताळून झालं की मात्र साबणाने हात धुवा. बेडकाने चामखीळ येत नाही, ती भीती खोटी. पण भेकाच्या डोळ्यांमागच्या फुगीर गाठींत विष असतं, ते डोळ्यांत गेलं तर आग होते. कुत्र्याने तोंडात धरला तर कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

आणखी एक. "जगेल तिकडे" म्हणून आजारी बेडूक पाटात सोडू नका. पाण्यातून पसरणाऱ्या कायट्रिड बुरशीमुळे जगभरातल्या ५०१ उभयचर जाती घटल्या, त्यांतल्या ९० नामशेष झाल्या असाव्यात, असं २०१९ सालच्या एका अभ्यासात नोंदलं आहे. आपल्या घमेल्यातलं दुखणं पाटातून गावभर जायला नको.

यंदा पुन्हा एक खापरीखाली येऊन बसलाय. मुलीने त्याला हात लावलेला नाही. पातेल्यात पाणी मात्र रोज रात्री भरून ठेवते.