सांखळी-करवतीची सुधारणा व तिची परीक्षा

सुताराची करवत आमच्या वाचकांपैकीं प्रत्येकानें पाहिली असेल. ती पुढें-मागें चालते. परंतु साधारणतः एकाच दिशेस जातांना कापते, आणि परत येतांना वेळ व सुताराचा दम दोन्ही खर्च होतात. हा खर्च वांचवावयाचा, तर दांते न थांबतां एकाच दिशेस धांवत राहिले पाहिजेत. दांत्यांची सांखळी करून ती एका लांबट पोलादी पट्टीच्या कडेनें फिरविली कीं हें साधतें. हेंच यंत्र सांखळी-करवत होय. ता. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलें व असंख्य झाडें उन्मळून पडलीं, तेव्हां अडलेले रस्ते मोकळे करतांना हें यंत्र कोंकणांतील पुष्कळांनीं पाहिलें. तें जलद कापतें हें सर्वांस दिसतें. तें आणखी जलद कापूं शकेल काय, आणि तसें झाल्याचें ओळखावें कसें, या दोन प्रश्नांचा विचार आज आपण करूं.

जर्मनींतील आंद्रेआस श्टील यानें १९२६ सालीं विजेवर चालणारी व १९२९ सालीं पेट्रोलवर चालणारी सांखळी-करवत तयार केली. हीं यंत्रें इतकीं जड होतीं कीं, तीं चालविण्यास दोन माणसें लागत. पुढें एंजिनें हलकीं झालीं. परंतु सांखळीचे दांते मात्र बहुधा हातकरवतीच्या दांत्यांचेंच अनुकरण करीत. ते लांकूड ओरखडून काढीत, लवकर बोथट होत, आणि त्यांस धार लावण्यांत पुष्कळ वेळ जाई. १९४६ सालीं अमेरिकेच्या ऑरेगॉन संस्थानांत जोसेफ ब्यूफर्ड कॉक्स नांवाचा लांकूडतोड्या सरपण फोडीत असतां, एका ओंडक्यांत भुंगेऱ्याची जाड अळी लांकूड पोखरीत आहे असें त्यास दिसलें. ती रेषेच्या दिशेनें व रेषेस आडवी, दोन्हीकडे सारख्याच सहजतेनें जात होती. तिचे दोन जबडे वांकडे होते, व ती एकदां डावीकडून आणि एकदां उजवीकडून घांस घेई. दुसरा कोणी ती अळी झटकून पुढें कामास लागला असता. कॉक्स थांबला व पाहत राहिला. त्या जबड्यांच्या नमुन्यावर त्यानें दांते घडविले, आणि १९४७ सालीं त्याची सांखळी बाजारांत आली. आजच्या बहुतेक सांखळ्या याच कल्पनेच्या वंशांतील आहेत.

या सांखळींत एक दांता डावा, तर पुढचा उजवा असतो. दांत्याची उभी धार लांकडाचा तंतु तोडते, व आडवी धार रंध्याच्या पात्याप्रमाणें त्याची ढलपी उचलते. प्रत्येक दांत्यापुढें एक बोथट उंचवटा असतो, त्यास आपण मापक म्हणूं. रंध्याचें पातें तळाच्या जितकें बाहेर, तितकी ढलपी जाड. त्याचप्रमाणें मापक धारेहून जितका खालीं, तितका दांत्याचा घांस मोठा. हें अंतर साधारणतः ०·६५ मिलिमीटरच्या आसपास ठेवितात. एवढ्याशा अंतरावर सर्व खेळ अवलंबून असतो.

यंत्र सुधारणारे लोक चार ठिकाणीं हात घालतात. पहिलें, धार. गोल कानशीनें दांत्याची वरची धार पुष्कळदां ३० अंशांच्या कोनांत घांसतात. कोन अधिक तिरपा केल्यास मऊ लांकूड झपाट्यानें कापतें, पण धार लवकर जाते. दुसरें, मापक. तो थोडा उतरविला कीं घांस वाढतो. तिसरें, सांखळी ओढणारें दांतेरी चाक. सात दांत्यांचें चाक काढून आठांचें बसविलें, तर एंजिनाच्या तितक्याच फेऱ्यांत सांखळीचा वेग एक सप्तमांशानें वाढतो, परंतु ओढ त्याच मानानें कमी होते. सायकलवर चढ चढणाऱ्या मुलास याचा अर्थ समजावून सांगणें नको. चौथें, एंजिन. धूर बाहेर जाण्याची वाट मोकळी केली म्हणजे शक्ति कांहींशी वाढते. पण मग हवेच्या मानानें पेट्रोल कमी पडतें. या एंजिनांस वंगण मिळतें तें पेट्रोलांत मिसळलेल्या तेलाचेंच. म्हणून मिश्रण नीट न जुळविल्यास दट्ट्या तापून जाम होतो.

आतां परीक्षा. येथें आमची एक फजिती सांगितली पाहिजे. आम्ही शाळेंत असतां हातकरवतीस मेण चोळल्यास ती सुलभ चालते असें ऐकून एक फळी कापली आणि ओढी मोजल्या. मग मेण लावून दुसरी कापली. ओढी पुष्कळ कमी लागल्या, व आम्हीं तो शोध वर्गभर सांगितला. आमचे सुतारकामाचे गुरुजी कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं फक्त दोन्ही तुकडे शेजारीं ठेविले. पहिल्यांत गांठ होती, दुसऱ्यांत नव्हती. मेणाचा गुण खरा कीं खोटा, हें त्या प्रयोगानें मुळींच ठरलें नव्हतें.

म्हणून परीक्षेचे नियम असे : ओंडका एकच, गांठी नसलेला व सर्वत्र सारख्या जाडीचा असावा, ओलें लांकूड व वाळलेलें लांकूड यांची तुलना करूं नये. एका वेळीं एकच बदल करावा. करवत आपल्या भारानेंच उतरूं द्यावी, कारण हातानें दाबल्यास करवतीची नव्हे, हाताचीच परीक्षा होते. प्रत्येक स्थितींत निदान पांच काप घ्यावे व मधला आंकडा धरावा. शेवटीं पहिली स्थिति पुन्हां आणून पुन्हां मोजावें. मधल्या वेळांत धार गेली असल्यास ती येथें उघडकीस येते. ओंडक्याचा व्यास ३० सेंटिमीटर धरूं, म्हणजे कापाचें क्षेत्रफळ सुमारें ७०७ चौरस सेंटिमीटर झालें. तो १० सेकंदांत कापला, तर वेग सेकंदास सुमारें ७१ चौरस सेंटिमीटर. निरनिराळ्या जाडीचे ओंडके असल्यास या आंकड्यानेंच ताडून पाहावें. भुसाही साक्ष देतो : धार चांगली असतां जाड ढलप्या पडतात, ती गेली कीं पिठासारखी धूळ उडते.

परंतु घड्याळ एकच गोष्ट सांगतें. अनेक यंत्रांत सांखळी सेकंदास २० मीटरांच्या आसपास धांवते. पट्टीच्या टोंकाचा वरचा भाग लांकडास लागला, तर दांता अडकतो आणि सबंध पट्टी चालविणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. मापक फाजील उतरविलेला असल्यास ही उसळी अधिक जोराची होते, व माणसास हात आवरण्याइतकी सवड मिळत नाहीं. म्हणूनच यंत्रावर सांखळी रोखणारा ब्रेक असतो. तो काढून कोणीही वेग मिळवूं नये. लांकूडतोडीच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत खास बनविलेल्या करवती ४६ सेंटिमीटर व्यासाच्या ओंडक्याच्या तीन चकत्या कांहीं सेकंदांत उतरवितात. पण त्या करवती तेवढ्या सेकंदांपुरत्याच असतात. रानांत दिवसभर राबणाऱ्या माणसास त्यांचा उपयोग नाहीं. त्याची उत्तम करवत ती, जी संध्याकाळींही कापते आणि त्यास धडधाकट घरीं पाठविते.

विद्यार्थीमित्रांनो, हें यंत्र तुमच्या हातांत घेण्याचें नाहीं, आणि पालकांनीं तें मुलांच्या हातीं देऊंही नये. पण सुतारशाळेंतील करवत, मेणाचा तुकडा आणि एकाच बिनगांठीच्या फळीचे दहा काप एवढ्यावर आमचा फसलेला प्रयोग तुम्हांस नीट करतां येईल. उत्तर काय निघतें तें आम्ही मुद्दाम सांगत नाहीं. तें मोजून वहींत लिहा, आणि तें तुमच्या अपेक्षेविरुद्ध आलें, तरी खोडूं नका.