पहिलीचा टॅब वेगळा, पाचवीचा वेगळा

मीरा-भाईंदरमध्ये प्राथमिकचे वर्ग घेताना एक गोष्ट पहिल्या आठवड्यातच कळते: वर्गातली सगळी मुलं एका पानावर नसतात. कुणाचे वडील भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या गाळ्यात, कुणाची आई नवघरला घरकामाला, कुणाच्या घरी गुजराती, कुणाच्या घरी भोजपुरी. मराठी माध्यमाच्या वर्गातही मराठी काहींना शाळेतच भेटते. अशा वर्गात प्रोजेक्टर, टॅब, मोबाइल वापरून जे हाती लागलं, ते नव्या शिक्षकांसाठी लिहून ठेवतो आहे.

1. पहिली-दुसरीला टॅब ऐकण्यापुरता. गोष्ट, गाणं, बडबडगीत यांसाठी तो उत्तम. अक्षर गिरवायला मात्र नको. आमच्याकडच्या टॅबवर मुलगा काचेवर बोट फिरवून ‘क’ काढतो, रेषेच्या जवळपास गेला की हिरवी खूण येते, टाळ्या वाजतात. तोच मुलगा वहीत ‘क’ काढायला बसला की आधी दांडा, मग उजवीकडचा आकडा, मग डावीकडची गाठ, आणि पेन्सिल अख्ख्या मुठीत. आधी काय आणि नंतर काय, हे त्या टॅबला कळत नाही, शेजारी बसलेल्या बाईंना कळतं. वाळूची पाटी आणि खडू यांना अजून तरी पर्याय सापडलेला नाही.

2. सगळ्या वर्गाला एकच व्हिडिओ लावून देणं म्हणजे शिकवणं नव्हे. दुपारच्या अधिवेशनात खिडकीतून ऊन येतं, पडद्यावरचं चित्र फिकं पडतं, मागचे दोन बाक आपापल्या गप्पांत. मी वर्गाचे तीन गट करतो. एक गट टॅबवर, एक शब्दकार्डं आणि मण्यांवर, आणि तिसरा माझ्यासमोर जमिनीवर. वीसेक मिनिटांनी गट फिरतात. यातला खरा फायदा तिसऱ्या गटाचा आहे. ज्यांना अजून जोडाक्षर वाचता येत नाही, अशा आठ-दहा मुलांजवळ निवांत बसायला भरलेल्या वर्गात एरवी वेळ कुठे मिळतो? यंत्र बाकीच्यांना गुंतवून ठेवतं. माझ्या लेखी त्याचं सगळ्यात मोठं काम हेच.

3. दोघांत एक टॅब. प्रत्येकाला एकेक मिळाला तरी मी दोघांतच देईन. दोघं असले की उत्तरावरून वाद होतो, आणि गणित त्या वादात शिकलं जातं. बोट कुणाचं चालणार, हे मात्र पाळीने ठरवून द्या.

4. तिसरीपासून मोबाइलचं सर्वांत उपयोगी बटण रेकॉर्डिंगचं. मुलाला उतारा वाचायला लावायचा, रेकॉर्ड करायचा आणि पुस्तक उघडं ठेवून त्यालाच ऐकवायचा. ‘सर, मी इथे उडी मारली’ हे मूल स्वतः सांगतं. मी लाल पेनाने गोल केला असता तर ते ओशाळलं असतं. महिन्याभराने जुनं रेकॉर्डिंग पुन्हा लावा. पालकसभेत हेच ऐकवलं की गुणपत्रक समजावत बसावं लागत नाही.

5. चौथी-पाचवीला उपग्रह नकाशा दाखवा, पण नाव सांगण्याची घाई करू नका. वसईची खाडी, मिठागरांच्या चौकटी, पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचा हिरवा पट्टा, पश्चिमेला उत्तनचा किनारा. मुलं आधी आपली बिल्डिंग शोधतात. शोधू द्या. मग कोळीवाड्यातला एखादा मुलगा उभा राहून सांगतो की जून-जुलैत बोटी किनाऱ्यालाच असतात, मासेमारी बंद असते. पडद्यावर हे कुठेच लिहिलेलं नसतं. त्यानंतर घोडबंदरच्या किल्ल्यावर सहल नेली, तर खाडी तिथे का वळते यावर मुलं आपसांत बोलतात. सहल आधी आणि नकाशा नंतर, असंही चालतं.

6. क्यूआर कोड वर्गात नाही, आदल्या रात्री घरी स्कॅन करा. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना कोड जोडले, पुढे बालभारतीच्या पुस्तकांवर ते आले आणि 2017 पासून ‘दीक्षा’ ॲपची सोय झाली. सोय चांगली आहे. पण चाळीस मुलं समोर बसवून गोल फिरणारी चकती बघायची वेळ आली की तास गेलाच. व्हिडिओ डाउनलोड करून पेनड्राइव्हवर ठेवा. आणि वीज गेली तर काय, याचं उत्तर रोज दप्तरात हवं.

7. घरचा अभ्यास फोनवर अवलंबून ठेवू नका. ‘असर’च्या 2021 च्या शैक्षणिक पाहणीत देशभरात शाळेत जाणाऱ्या दोन तृतीयांशांहून थोड्या जास्त मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, पण त्यांतल्याही सुमारे 26 टक्के मुलांच्या हाती तो येत नव्हता. आमच्याकडे फोन वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री चार्जिंगला लागतो. 2020 च्या टाळेबंदीत सह्याद्री वाहिनीवरची ‘टिलीमिली’ मालिका घरोघरी चालली, कारण टीव्ही घरातच असतो आणि कार्यक्रमाची वेळ ठरलेली होती. पालकांना निरोप द्यायचा तर लिहून नको, बोलून पाठवा. देवनागरी न वाचणारी आईही तो ऐकते आणि उत्तर बोलूनच देते.

8. देणगीत टॅब येतात, दुरुस्ती येत नाही. आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या शाळेत संदीप गुंड यांनी डिजिटल वर्ग उभा केला. त्यानंतर ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या सरकारी कार्यक्रमाच्या काळात लोकवर्गणीतून किती तरी शाळांत पडदे लागले. पण प्रोजेक्टरचा दिवा गेला, चार्जरची पिन वाकली, की वस्तू कपाटात जाते आणि साठा नोंदवहीत ‘एक नग’ म्हणून राहते. नोंद असल्यामुळे टाकूनही देता येत नाही.

तेव्हा जूनमध्ये वह्या-दप्तरांबरोबर टॅब देऊ इच्छिणाऱ्या मंडळांना, क्लबांना आणि माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. वीस टॅब देणार असाल तर बारा द्या. उरलेल्या पैशांतून कुलूप लागणारं चार्जिंगचं कपाट, जादा चार्जर आणि तीन वर्षांची दुरुस्ती लिहून द्या. आणि देण्याआधी एकदा वर्गात येऊन किती प्लग चालू आहेत, तेवढं बघून जा.