स्वर्गांतील स्तवन व गांवची मंडळी

शास्त्रपाठ : प्रकटीकरण 5:8–14, इब्री 12:22–24, 1 करिंथ 14:15–16

मालेगांव-वाशीमकडील एखाद्या खेड्यांत रविवारीं पांचसात माणसें प्रार्थनेस जमतात. सोयाबीनची काढणी चालू असली म्हणजे त्यांतलींही दोनतीन शेतांतच राहतात. पेटी नसते, गायनाचें पुस्तक एकच, आणि तें वाचून दाखविणारा उपदेशक दुसऱ्या गांवीं गेलेला. अशा वेळीं मनांत येतें कीं, देवदूतांचें तें स्तवन कोठें आणि आमचें हें गाणें कोठें ! हा विचार नम्रतेचा दिसतो खरा. पण वरील पाठापुढें तो टिकत नाहीं.

हें दर्शन योहानास पात्म बेटावर झालें. आशियांतील ज्या सात मंडळ्यांस त्यानें तें लिहून पाठविलें, त्यांपैकीं फिलदेल्फियाच्या मंडळीची शक्ति थोडी होती, असें तिसऱ्या अध्यायांत आहे. म्हणजे थोड्या शक्तीची मंडळीही हा पाठ पहिल्यानें ऐकणारांत होती.

आतां क्रम पाहा. राजासनाजवळ चार प्राणी व चोवीस वडील कोंकऱ्याचें गीत गातात. त्यांच्याभोंवतीं देवदूत आहेत; त्यांची तर गणतीच होत नाहीं. मग तेराव्या वचनांत स्वर्गांतील, पृथ्वीवरील, पृथ्वीखालील व समुद्रांतील प्रत्येक प्राणी गाऊं लागतो. उपदेशकानें येथें थांबून ‘पृथ्वीवरील’ या शब्दावर बोट ठेवावें. आपण तेथें आहों. यानंतर चौदावें वचन येतें, आणि तें आपण बहुधा घाईनें वाचतों : ते चार प्राणी ‘आमेन’ म्हणतात. आपली समजूत अशी कीं, स्वर्ग गातो आणि आपण शेवटीं आमेन म्हणतों. येथें उलट आहे. सर्व सृष्टीचें गीत होतें, आणि राजासनाच्या अगदीं जवळचे त्यास आमेन म्हणतात.

कोणी म्हणेल, हें शेवटल्या काळाचें आहे. असेल, परंतु विश्वासणारे देवदूतांच्या मेळ्याजवळ आतांच येऊन पोंहचले आहेत, असें इब्री लोकांच्या पत्रांत लिहिलें आहे. कोणी म्हणेल, आमचे ओंठ अशुद्ध. यशयाही तेंच म्हणाला. तेव्हां सराफीमांतील एकानें वेदीवरील निखारा त्याच्या ओंठांस लावला, आणि देवानें त्याला गप्प न बसवितां बोलण्यास पाठविलें. चोवीस वडील आपले मुकुट राजासनापुढें टाकतात, पण तोंड मिटीत नाहींत. मागें बसून मुकें राहण्यास आपल्याकडे नम्रता म्हणतात. मला तो बहुधा भिडस्तपणा वाटतो.

मात्र पौलानें एक अट घातली आहे. जें समजलें नाहीं त्यास अशिक्षित माणूस आमेन कसें म्हणेल, असें तो करिंथच्या मंडळीस विचारतो. मराठी मंडळीस हा प्रश्न पुष्कळ दिवस नडला. कारण तिचीं कित्येक गीतें इंग्रजीवरून केलेलीं व परक्या चालींचीं होतीं. तेव्हांच्या अहमदनगराकडे कृष्णराव सांगळे यांनीं ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली. पुढें 1895 सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक यांनीं अभंग व भजन हीं आपल्या मातींतलीं रूपें ख्रिस्ताच्या स्तवनास वाहिलीं. ते 1919 सालीं वारले. त्यांचीं पदें ‘उपासना संगीत’ या पुस्तकांतून आजही गाइलीं जातात. अभंग निरक्षरासही पाठ होतो. टाळ असला तर उत्तम, नसला तर टाळी पुरते. टिळकांचें ‘ख्रिस्तायन’ अपुरें राहिलें होतें. तें लक्ष्मीबाईंनीं पूर्ण केलें, आणि लहानपणीं त्यांना शाळा मिळाली नव्हती.

म्हणून उपदेशक गांवीं नसला तरी उपासना थांबवूं नये. एक पद सर्वांस आधींच पाठ करवून ठेवावें. एकानें ओळ म्हणावी, इतरांनीं ती उचलावी, आणि मध्यें अर्थ विचारावा. एखाद्या म्हाताऱ्या बाईस चाल सांपडली नाहीं, तर तिनें समजून नुसतें आमेन म्हणावें. राजासनाजवळचे प्राणीही तेंच म्हणतात. पुढील रविवारीं हा पाठ वाचतांना तेरावें वचन सर्वांनीं मिळून मोठ्यानें म्हणावें, आणि चौदावें वाचण्यापूर्वीं क्षणभर थांबावें.