रक्ताच्या कर्करोगावरचा ‘कार-टी’ उपचार : कोणासाठी, किती खर्चाचा?

घरात कोणाला रक्ताचा कर्करोग निघाला की दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. माणूस वाचेल का? आणि पैसा कुठून आणायचा? ‘आपल्याच रक्तातून औषध करतात’ असे हल्ली वस्तीत ऐकू येते. ते खरे आहे, पण नीट समजून घेऊ या.

आपल्या रक्तातल्या टी-पेशी म्हणजे शरीराचे रखवालदार. कर्करोगाची पेशी मात्र त्यांना अनेकदा ओळखू येत नाही. ‘कार-टी’ उपचारात रुग्णाच्या रक्तातून या पेशी वेगळ्या काढतात, प्रयोगशाळेत त्यांच्यात नवा जनुक घालतात आणि त्यांची संख्या वाढवून त्या शिरेतून परत देतात. आता त्यांना रोगी पेशी ओळखता येते.

अमेरिकेत असा पहिला उपचार २०१७ साली मंजूर झाला. तिथला खर्च तीन-चार कोटी रुपये. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून तो इथेच विकसित केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेक्सकार-१९’ला सरकारी मान्यता मिळाली. जनुक पेशीत नेणारा विषाणूही इथेच तयार होत असल्याने खर्च ३० ते ४० लाखांच्या आसपास आला.

म्हणजे एक दशांश! तरीही रोजंदारीवरच्या घराला ३० लाख म्हणजे डोंगरच. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख आहे. औषध देशात तयार झाले, ते वस्तीपर्यंत पोहोचायचे बाकी आहे. अशा उपचारांसाठी सरकारने वेगळी तरतूद करावी, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

तोपर्यंत काही गोष्टी लक्षात ठेवू या.

१. हा उपचार ठरावीक प्रकारच्या ल्युकेमिया व लिम्फोमासाठीच आहे. तोही आधीच्या औषधांना दाद न देणारा किंवा उलटलेला असेल तर. तोंडाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगासाठी तो नाही.

२. चाचण्यांत दहापैकी सुमारे सात रुग्णांना गुण आला, सर्वांना नाही. जोराचा ताप येणे, रक्तदाब उतरणे असे धोके असतात. म्हणून तो मोठ्या रुग्णालयातच घ्यावा लागतो.

३. लहान मुलांचा रक्ताचा कर्करोग पुष्कळदा नेहमीच्या केमोनेच बरा होतो. बरे वाटले म्हणून केमो मध्येच सोडू नका. अर्धवट उपचाराने रोग उलटतो.

४. कोणा दलालाच्या शब्दावर घर किंवा दागिने विकू नका. आधी सरकारी किंवा टाटा रुग्णालयात दाखवा. तिथल्या समाजसेवा विभागात रेशनकार्ड, आधारकार्ड, उत्पन्नाचा दाखला घेऊन जा आणि मुख्यमंत्री सहायता निधी व इतर मदतीची चौकशी करा.

मदत मागताना संकोच नको. उपचार हा आपला हक्क आहे.